नदीकाठच्या घरात नांदताना

सूनबाई, सांगलीच्या गावभागात नांदायचं तर कृष्णेचा धाक हवा, पण तो बारा महिने उराशी धरून बसायचं नाही. 2005, 2019, 2021 हे तिन्ही महापूर जुलैची अखेर ते ऑगस्टचा मध्य एवढ्याच काळातले. आम्ही पुष्य-आश्लेषा म्हणतो, तू कॅलेंडरवर खूण कर. तेवढे आठवडे घरानं डोळ्यांत तेल घालून राहायचं. जून लागल्यापासून उठता-बसता पुराचंच बोलत राहिलीस, तर पाणी खरंच चढेल त्या दिवशी घरातलं कुणी कान देणार नाही.

आपल्या अंगणातला पाऊस बघून काही ठरवू नकोस. महाबळेश्वरला, नवजाला, कोयनानगरला किती कोसळला आणि कोयनेतून, वारणेतून विसर्ग किती सुरू आहे, ते विचार. इथं लख्ख ऊन असतं आणि नदी चढत असते. ती घाटाच्या पायऱ्यांवरून समोरून येईल म्हणून वाटही बघू नकोस. आधी शेरीनाला फुगतो, गटारं उलटी वाहू लागतात आणि पाणी मोरीच्या जाळीतून घरात येतं. त्या जाळीवर ठेवायला वाळूची दोन लहान पोती जिन्याखाली असू देत.

आयर्विन पुलापाशी 40 फूट म्हणजे इशारा पातळी, 45 म्हणजे धोका पातळी, हे सगळ्यांना पाठ असतं. पण आपल्या घराचा आकडा वेगळा असतो. आयर्विनला किती फूट झाल्यावर आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाणी लागतं, ते शेजारच्या जुन्या माणसांना विचार. त्याच्या तीन फूट आधी निघायचं. हे वैशाखात, सगळे जेवायला एकत्र बसलेले असताना ठरवा आणि कपाटाच्या दाराला आतून लिहून लावा. मग निघायच्या दिवशी वाद उरत नाही. आकडा सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा बघायचा. चढायला लागला तर जास्त वेळा. मधल्या वेळात मोबाइलवर फिरणारे व्हिडिओ पोरांसमोर लावू नकोस. धरण फुटल्याची आवई दर पुरात उठते.

सगळ्यात अवघड काम म्हणजे तुझ्या सासऱ्यांना घराबाहेर काढणं. माझा धाकटा भाऊ आहे, मी त्याला ओळखते. तो 2005 ची भिंतीवरची खूण दाखवेल आणि म्हणेल, याच्या वर पाणी येत नाही. 2019 मध्ये कितीतरी घरं याच भरवशावर बसून राहिली. त्या वर्षी पाणी आयर्विनला 57 फुटांच्या वर गेलं, आणि माणसं माडीवर अडकून नावेची वाट बघत राहिली. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला तर माणसांनी खच्चून भरलेली नाव उलटली. नावेची वेळच येऊ द्यायची नाही, चालत निघता येतं तेव्हाच निघायचं. पण हे त्याच्याशी तावातावानं बोलू नकोस, तो आणखी घट्ट बसेल. "बाबा, नातवाला घेऊन तुम्ही पुढं व्हा, देवघरातले देवही तुमच्याकडेच ठेवा," एवढं म्हण. स्वतःच्या जिवासाठी तो हलणार नाही, पण नातवाचा हात धरून जाईल.

कुठं जायचं तेही आधी ठरलेलं हवं. विश्रामबागेतल्या तुझ्या मावशीला ज्येष्ठातच विचारून ठेव. जाताना तांदूळ, डाळ, तेल, चहा-साखर घेऊन जा आणि पहिल्या दिवसापासून तिच्या स्वयंपाकघरात हात लाव. पाहुणचार दोन दिवसांचा असतो, पूर आठवडाभर मुक्काम करतो.

पुरासाठी म्हणून वेगळा साठा करून माळ्यावर टाकू नकोस, त्याला कीड लागते. रोज खातो तेच पंधरा दिवस पुढचं भरलेलं असावं. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भडंग हे आपल्याकडे एरवीही संपतं. संपलं की भरायचं. नदीतून पाणी उपसणारं जॅकवेल बुडालं की नळ बंद होतात, म्हणून आकडा चढू लागला की पिण्याचं पाणी आधी भरून घे. सासऱ्यांच्या गोळ्यांची नावं आणि किती एमजीची ते कागदावर लिही, आणि पावसाळ्यात एक जास्तीची स्ट्रिप नेहमी पर्समध्ये ठेव.

घराचं प्रॉपर्टी कार्ड, रेशनकार्ड, पासबुकं, पोरांचे दाखले हे सगळं एकाच जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि त्यांचे फोटो मुंबईच्या नणंदेच्या मोबाइलवर. एवढं काम एका दुपारचं आहे, मृगाआधी उरकून टाक. थोरलीला तिच्या दप्तराची आणि धाकट्याच्या एका खेळण्याची जबाबदारी दे. हाताला काम असलं की पोरं घाबरत नाहीत.

निघताना मेन स्विच बंद, गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडर माडीवर. खालीच ठेवावा लागला तर दोरीनं बांधून ठेव, रिकामा सिलिंडर तरंगत जातो. शेजारच्या गोठ्यात कुणी नसेल तर म्हशींची दावी सोडून दे.

परतल्यावर आत पाऊल टाकताना हातात काठी असू दे, सापांनी कोपरे धरलेले असतात. काहीही धुण्याआधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचे आणि खराब झालेल्या सामानाचे फोटो काढ, पंचनाम्याला लागतात. जमलं तर तुझ्या नवऱ्यानं पाणी उतरत असतानाच यावं आणि त्याच पाण्यानं खराट्यानं गाळ बाहेर ढकलावा. एकदा वाळला की तो फरशीला असा धरतो की खोऱ्यानं खरवडावा लागतो. वायरमननं बघितल्याशिवाय बटण दाबायचं नाही. आणि पहिल्याच दिवशी अख्खं घर काढायला बसू नकोस. ओटा आणि निजायची एक खोली आवर, पाणी उकळून घे, वरणभात लाव. शाळा उघडली असेल तर दुसऱ्या दिवशी पोरांना शाळेत धाड, गाळ मागाहून काढता येईल.