नाव जुनं ठेवायचंय? ठेव की!

अगं, बारसं तोंडावर आलंय आणि नावावरून घरात दोन तट पडलेत, होय ना? सासरच्यांना आजेसासऱ्यांचं नाव हवंय, नवऱ्याच्या मोबाइलवर नावांची लांबलचक यादी आहे, वन्सं 'अ'वरनंच नाव हवं म्हणून अडून बसल्यात. आणि तू? रात्री दहादा उठून बाळाला पाजतेयस, शेक घेतेयस, हाळिवाचे लाडू खातेयस नि मनातल्या मनात म्हणतेयस, मला एक जुनंच नाव आवडलंय, पण म्हणू कशी? खरं सांगू का, म्हणायचं. नऊ महिने पोटात तू वागवलंस, तर तुझं मत सगळ्यात आधी ऐकायला हवं. फक्त ते घाबरत नको, नीट विचार करून सांग.

आधी घाईचं ओझं उतरव बघ. जन्माची नोंद एकवीस दिवसांत व्हायला लागते, पण त्यात नाव असलंच पाहिजे असं नाही. दवाखान्यात बाळंत झाली असशील तर ती माहिती दवाखानाच कळवतो. नाव नंतर घालता येतं. बारा महिन्यांपर्यंत त्याला फी पडत नाही, आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत फी भरून घालता येतं. पण म्हणून ढिलाई करू नकोस. 1 ऑक्टोबर 2023 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळा, आधार, पासपोर्ट, सगळीकडं हाच जन्मदाखला पुरावा म्हणून लागणार आहे. तेव्हा उशीर झाला तर चालेल, चूक व्हायला नको.

आता तुझी खरी भीती. मुलं चिडवतील, लोक 'कुठल्या जमान्यातलं नाव' म्हणतील. अगं, आपल्या सातारा-सांगली भागात जुनं नाव परकं कधी होतं? पालीच्या खंडोबावरनं खंडेराव, मल्हारी, मार्तंड. म्हसवडच्या आणि खरसुंडीच्या नाथावरनं सिद्धनाथ. आरेवाडीच्या बिरोबावरनं बिरदेव, रेणावीच्या देवावरनं रेवण, शिखर शिंगणापूरवरनं शंभू आणि महादेव, औदुंबरवरनं दत्तात्रय. मच्छिंद्रगडाच्या आसपास तर मच्छिंद्र, गोरख, जालिंदर घरोघरी सापडतील. प्रत्येक नावामागं एक डोंगर, एक जत्रा, कुणाचा तरी नवस आहे. आणि बघ, मल्हार, शंभू ही नावं शहरातली माणसंही आता हौसेनं ठेवतात. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक घेतलं, स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक. आज कराडात जाऊन 'खाशाबा' म्हण, हसणारा माणूस मिळायचा नाही.

यशवंतराव चव्हाणांच्या नावाची गोष्ट तर तुला माहीत असायलाच हवी. ते 12 मार्च 1913 ला आजोळी, देवराष्ट्र्याला जन्मले. तेव्हाचा सातारा जिल्हा, आताचा सांगली. बाळंतपण फार अवघड गेलं होतं, त्यांच्या आईचा, विठाईचा जीव जातो की राहतो अशी वेळ आली. तेव्हा त्यांच्या आजीनं सागरोबाला साकडं घातलं, की माझ्या लेकीला वाचवण्यात यश दे, तुझी आठवण म्हणून मुलाचं नाव यशवंत ठेवीन. 'कृष्णाकाठ' या आत्मचरित्रात त्यांनी हे सांगितलंय. यातलं मला काय भावतं सांगू? नाव ठेवलं आईच्या आईनं, आणि त्या नावात आठवण आहे ती बाळंतिणीच्या वाचण्याची. नाव म्हणजे फक्त सासरच्या घराण्याचा मामला, असं कुणी तुला म्हणालं तर हे शांतपणे सांग.

आजेसासऱ्यांच्या नावाचं म्हणशील, तर ते झटकून टाकू नकोस. त्या माणसानं शेत राखलं, घर उभं केलं. त्यांचं नाव पुन्हा घरात फिरावं असं वाटणं साहजिक आहे. अडचण एकच. आजेसासूबाई मालकांचं नाव उच्चारायच्या नाहीत, सासूबाईसुद्धा सासऱ्यांचं नाव घेताना अडखळतात. म्हणून तर आपल्याकडं पाळण्यातल्या पोराला 'आबा', 'बापू', 'तात्या', 'नाना' म्हणतात, आणि तीच हाक जन्मभर चिकटते. वाटेगावच्या तुकाराम भाऊराव साठ्यांना सगळा महाराष्ट्र अण्णा भाऊ म्हणूनच ओळखतो बघ. तेव्हा कागदावरचं नाव ठरवशील त्याच दिवशी घरातली हाकही ठरव. तू ठरवली नाहीस तर गल्ली ठरवेल, आणि गल्लीला पांडुरंगाचा पांड्या करायला एक दुपार पुरते. बाहेरच्यांचं तोंड धरता येत नाही, पण घरात पहिल्या दिवसापासून सगळ्यांनी 'पांडुरंग' अशी पूर्ण हाक मारायची, हा नियम तू घाल. घरात जे ऐकतो, तेच पोर स्वतःचं नाव म्हणून सांगतं.

आणि आजेसासऱ्यांचं नाव धोंडीराम, दगडू किंवा केरबा असलं तर? तुझा चेहरा पडला असणार, कळतं मला. पण ती नावं हेटाळणीनं ठेवलेली नव्हती गं. आधीची मुलं गेलेली असायची, आणि या तरी लेकराला दृष्ट लागू नये, देवानं ह्याला तरी सोडावं, म्हणून त्या आया असं साधंसुधं नाव ठेवायच्या. एवढं समजून घेतलंस की त्या नावाचा राग येणार नाही. तरी मुलाला ते कागदावर द्यायला तुझं मन तयार नसेल, तर बळेबळे देऊ नकोस. पाळण्यात एकाहून जास्त नावं ठेवायची रीत आहेच. एक आजेसासऱ्यांचं, एक नक्षत्राच्या अक्षरावरनं जन्मनाव, आणि एक व्यवहाराचं. वन्संचं 'अ' अक्षरही तिथंच भागतं. सगळ्यांचा मान राहतो, दाखल्यावर मात्र एकच नाव जातं.

ते एक नाव निवडताना माझं एवढं ऐक. दारात उभी राहून मोठ्यानं हाक मारून बघ. संध्याकाळी खेळातनं बोलवायचंय त्याला. मग पूर्ण नाव वहीत लिही. 1 मे 2024 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव आपल्या राज्यात सरकारी कागदांवर आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लागतं. म्हणजे त्याच्या नावाशेजारी तुझं नाव येणार आहे! दोन्ही एकत्र वाचून बघ, कानाला कसं लागतं ते. मग इंग्रजी स्पेलिंग एकदाच ठरव. यशवंतमधल्या 'व'ला व्ही की डब्ल्यू, ज्ञानेश्वरची सुरुवात डीनं की जीनं, हे कागदावर लिहून नवऱ्याकडं दे आणि त्याचा फोटो फोनमध्ये ठेव. दाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि शाळेत तिसरं झालं की दुरुस्तीसाठी हेलपाटे तुलाच मारायला लागतात.

घरात विषय काढायचा तो आधी नवऱ्याजवळ, सगळे जमल्यावर नव्हे. त्याला नुसतं 'मला आवडतं' म्हणू नकोस, का आवडतं ते सांग. हे नाव कुणाचं, त्या माणसानं काय केलं, कुठल्या देवाचं, आपल्या घराशी त्याचं नातं काय. मग दोघं मिळून सासूबाईंकडं जा. आजेसासऱ्यांच्या आठवणी त्यांनाच विचार. त्या बोलायला लागल्या की निम्मा गुंता सुटलेला असेल. कारण जुनं नाव ठेवायला माझी एकच अट आहे बघ: पोरगं पाच-सहा वर्षांचं होऊन 'माझं नाव असं का?' विचारेल, तेव्हा तुझ्याकडं सांगायला खरी गोष्ट हवी. ती असेल तर कितीही जुनं नाव त्याला जड होणार नाही. ती नसेल, फक्त वेगळं दिसावं म्हणून जुनं शोधत असशील, तर अजून थांब.

तुला जमेल गं. एवढं बाळंतपण निभावलंस, हे त्यापुढं काय? ठरलं की वन्संना नाव आधीच पाठ करून दे, कुर्र करून बाळाच्या कानात त्याच सांगणार आहेत. आणि बारशाला कुणी शेजारीण म्हणालीच, 'इतकं जुनं नाव गं कसं?' तर मान खाली घालू नकोस. तिला शेजारी बसवून घे, घुगऱ्या दे, आणि सगळी गोष्ट पहिल्यापासून सांग.