घर कोणाला, आणि कोठे?
शिकागोच्या सार्वजनिक गृहनिर्माणाचा एक धडा

सरकारी योजनेतून घर देताना अर्जदाराचा वर्ण, जात किंवा धर्म पाहू नये, हे तत्त्व आज उघडपणे सहसा कोणी नाकारत नाही. परंतु हे तत्त्व नियमपुस्तकात आले म्हणजे घराच्या बाबतीत समान संधी मिळाली, असे समजावे काय? या प्रश्नाचा विचार करताना अमेरिकेतील शिकागो शहराचे उदाहरण फार उद्बोधक ठरते. तेथे हा प्रश्न १९६६ साली न्यायालयापुढे आला आणि त्यातील अखेरची तडजोड व्हायला २०१९ साल उजाडले.

प्रथम थोडी पार्श्वभूमी पाहू. अमेरिकेत १९३७ च्या गृहनिर्माण कायद्याने एक व्यवस्था घालून दिली. मध्यवर्ती सरकारने अर्थसाहाय्य द्यावे आणि स्थानिक संस्थांनी घरे बांधून ती कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना माफक भाड्याने द्यावीत, अशी ती व्यवस्था होती. त्याच वर्षी शिकागो गृहनिर्माण प्राधिकरण स्थापन झाले. पुढे १९४९ च्या कायद्याने प्रत्येक कुटुंबास चांगले घर व चांगला परिसर मिळावा, हे राष्ट्रीय ध्येय म्हणून जाहीर केले आणि ८ लाख १० हजार सार्वजनिक घरांना मंजुरी दिली. या ध्येयात घराबरोबर परिसराचाही उल्लेख आहे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. पुढचा सारा वाद त्या एका शब्दाभोवती फिरतो.

दक्षिणेकडील राज्यांतून कामधंद्यासाठी शिकागोस आलेली कृष्णवर्णीय कुटुंबे शहराच्या दक्षिण भागातील एका चिंचोळ्या पट्ट्यात दाटीवाटीने राहत होती. इतरत्र खरेदीखतांतच ‘कृष्णवर्णीयास विकू अथवा भाड्याने देऊ नये’ अशा अर्थाची कलमे घातलेली असत. अशी कलमे न्यायालयांनी अमलात आणता कामा नयेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला. पण लोकांची मने निकालाने पालटत नाहीत. १९४६ मध्ये एका सरकारी वसाहतीत कृष्णवर्णीय कुटुंबांना घरे देताच गोऱ्या जमावाने दंगल केली. १९५३ मध्ये ट्रंबुल पार्क येथे तसेच घडले. गावकुसाबाहेरची वस्ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या रागाचे मूळ वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

आता खरी मेख पाहू. सरकारी घरांसाठी जागा निवडण्याचे काम प्राधिकरणाचे होते. पण १९४८ पासून त्या जागांना नगरपरिषदेची संमती लागू लागली. पुढे अशी वहिवाट पडली की जागा ज्या प्रभागात असेल, तेथील नगरसेवकाला आधी विचारायचे आणि त्याने मान हलविली तरच प्रस्ताव पुढे न्यायचा. गोऱ्या मतदारांच्या प्रभागातील नगरसेवक मान हलवीत नसत. प्राधिकरणाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष रॉबर्ट टेलर यांनी या अडवणुकीला कंटाळून १९५० मध्ये राजीनामा दिला. नियतीचा खेळ असा की, १९६२ मध्ये कृष्णवर्णीयांच्याच वस्तीत सोळा मजल्यांच्या अठ्ठावीस इमारतींची, सुमारे ४,४०० घरांची जी प्रचंड वसाहत पूर्ण झाली, तिला त्यांचेच नाव देण्यात आले!

१९६६ च्या ऑगस्टमध्ये डोरोथी गोत्रो व इतर कृष्णवर्णीय भाडेकरूंनी आणि अर्जदारांनी प्राधिकरणावर दावा लावला. ॲलेक्झांडर पोलिकॉफ हे त्यांचे प्रमुख वकील. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याप्रमाणे मध्यवर्ती सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही कार्यक्रमात वर्णावरून भेदभाव करता येत नाही, हा त्यांचा एक आधार होता. १० फेब्रुवारी १९६९ रोजी न्यायमूर्ती रिचर्ड ऑस्टिन यांनी निकाल दिला. त्यातील आकडे बोलके आहेत. प्राधिकरणाच्या तज्ज्ञांनी गोऱ्या वस्तीत प्रथम निवडलेल्या जागांवरील घरांपैकी ९९.५ टक्क्यांहून अधिक घरे नगरपरिषदेच्या पायरीवर नाकारली गेली होती. कृष्णवर्णीय वस्तीतील जागांवरची नाकारलेली घरे मात्र सुमारे १० टक्के होती. याचे वर्णाखेरीज दुसरे पटण्याजोगे कारण दिसत नाही, असा निष्कर्ष न्यायमूर्तींनी काढला. शिवाय गोऱ्या भागातील चार जुन्या वसाहतींत कृष्णवर्णीय भाडेकरूंचे प्रमाण मुद्दाम अत्यल्प राखलेले आढळले.

या खटल्याचे मर्म येथेच आहे. कृष्णवर्णीय अर्जदाराला ‘तुला घर नाही’ असे कोणी म्हटले नव्हते. त्याला घर मिळत होते. फक्त ते कोठे असावे, हे त्याच्या वर्णावरून आधीच ठरलेले होते. आम्हाला कोणाचा द्वेष नव्हता, नगरसेवकांपुढे इलाज नव्हता, हा बचावही न्यायालयाने मानला नाही. भेदभाव करणाऱ्याच्या दबावाखाली केलेला भेदभाव हाही भेदभावच ठरतो.

दरम्यान ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि अवघ्या आठवड्यात, ११ एप्रिलला, घरांच्या विक्रीत व भाड्यात भेदभावास बंदी करणारा कायदा झाला. डोरोथी गोत्रो यांचाही त्याच वर्षी मृत्यू झाला. आपल्या नावाचा निकाल त्यांना पाहता आला नाही.

निकालानंतर तरी घरे झाली काय? यापुढची पहिली ७०० घरे गोऱ्या वस्तीत बांधावीत, असा आदेश होता. त्यावर प्राधिकरणाने व नगरपरिषदेने बांधकामच जवळजवळ थांबविले. वाटून घेण्यापेक्षा न बांधणे त्यांना सोयीचे वाटले. म्हणून १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, उपाय शहराच्या हद्दीपुरता मर्यादित ठेवण्याचे कारण नाही, असे ठरविले. त्यातून भाड्याचे साहाय्य देऊन कुटुंबांना उपनगरांत खासगी घरे मिळवून देणारा कार्यक्रम निघाला. १९९८ पर्यंत सुमारे ७,००० कुटुंबांनी त्याचा लाभ घेतला. पुढे १९९४ पासून पाच शहरांत सुमारे ४,६०० कुटुंबांवर असाच एक प्रयोग झाला. त्याचा निकष मात्र वर्ण नसून परिसरातील दारिद्र्य हा होता. २०१५ मध्ये राज चेट्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे फलित तपासले. वयाच्या तेरा वर्षांच्या आत चांगल्या परिसरात गेलेल्या मुलांची तरुणपणीची कमाई तुलनेतील मुलांहून सुमारे ३१ टक्के अधिक आढळली. मोठ्या वयात गेलेल्या मुलांना असा फायदा झाला नाही आणि आईबापांच्या कमाईतही वाढ दिसली नाही. म्हणजे नगरसेवकाच्या एका नकाराची किंमत मुख्यतः लहान मुले मोजत होती आणि ती पुढे भरून निघत नव्हती.

यावर एक आक्षेप रास्त आहे. काही हजार कुटुंबे बाहेर पडली, पण मागे राहिलेल्यांचे काय? टेलर वसाहतीची अखेरची इमारत २००७ मध्ये पाडली गेली. परंतु पाडलेल्या वस्तीतील माणसांना सुस्थिती आपोआप लाभत नाही. त्यांच्या जुन्या परिसरात शाळा, दवाखाना, वाहतूक आणि रोजगार आणणे हाही समान संधीचाच भाग आहे. एक मार्ग स्वीकारला म्हणून दुसऱ्याची जबाबदारी टळत नाही.

तेव्हा कोणत्याही गृहयोजनेचा अभ्यास करताना पात्रतेचे नियम वाचून थांबू नये. आणखी तीन प्रश्न विचारावेत. जागा कोण निवडतो? ती नाकारण्याचा अधिकार कोणाला आहे? आणि नाकारताना त्याला कारण द्यावे लागते काय? शिकागोच्या अर्जात वर्णभेदाचा एक शब्दही नसता, तरी जागांच्या नकाशात तो स्पष्ट दिसला असता. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने अर्जाबरोबर नकाशाही वाचायला शिकले पाहिजे.