लाखोळीची डाळ

परवा रात्री आमच्या वर्गात धडा राहिला बाजूला आणि गोष्टी निघाल्या स्वयंपाकाच्या. कोणाकडे पातोडीचा रस्सा झाला होता, कोणाकडे आंबाडीची भाजी. एक बाई म्हणाल्या, "पातोडीला बेसन चांगलं लागते. आजकाल बेसनात लाखोळी मिसळतात."

त्यावर दुसऱ्या बाई म्हणाल्या, "मिसळली तं काय झालं वो? आमच्या घरी लाखोळीचे वडे नेहमीच होतात. गुरुजी, काहून खाऊ नये लाखोळी?"

प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर आम्ही येथे लिहीत आहोत.

लाखोळीला कोणी लाख म्हणतात, कोणी लाखोरी. छत्तीसगडात तिला तिवडा म्हणतात, तर बिहारात खेसारी. आपल्या नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या भागांत ती पूर्वीपासून आहे. धान उभे असतानाच ओल्या बांधीत तिचे बी फेकतात. नांगरट नाही, खत नाही. धान कापले की मागे लाखोळी हिरवीगार दिसते. दुष्काळात इतर पिके गेली तरी ती तग धरते. म्हणूनच ती गरिबाची डाळ झाली. अंगाला बळ देणारे सत्त्वही तिच्यात पुष्कळ आहे.

मग दोष कोठे? तिच्या दाण्यात एक प्रकारचे विष असते. एखाद्या दिवशी वडे खाल्ले म्हणून काही होत नाही. पण दोन-तीन महिने रोज पोटभर तीच खाल्ली, दुसरे धान्य मिळालेच नाही, तर ते विष बाधते. पाय चालवणाऱ्या नसा कायमच्या दुबळ्या होतात. पाय ताठतात. टाच जमिनीला टेकत नाही. माणूस आधी एक काठी धरतो, मग दोन. पुढे काहींना रांगावे लागते. हा रोग तरण्याताठ्या माणसांना जास्त होतो, आणि गेलेले पाय औषधाने परत येत नाहीत.

ही ऐकीव गोष्ट नाही. मध्य प्रदेशातील सागरकडे 1829 पासून ओळीने तीन वर्षे गहू बुडाला. लोक तिवड्यावर जगले. 1833 पासून तेथील तरुण माणसे पायांनी अधू होऊ लागली. स्लीमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हे लिहून ठेवले आहे. पुढे रीवा भागात सालदारांना मजुरी म्हणून हीच डाळ मिळे. तेथेही पुष्कळांचे पाय गेले. पोट भरले, पण पाय गेले!

म्हणून 1961 साली सरकारने लाखोळीच्या विक्रीवर बंदी घातली. ही बंदी उठवावी, अशी मागणीही पुढे नागपुरातूनच झाली. रायपूरच्या कृषी विद्यापीठाने 'महातिवडा' नावाची कमी विषाची जातही काढली आहे. शेतकऱ्याने बी घेताना जात विचारून घ्यावी.

आता स्वयंपाकघरात येऊ. तुरीच्या डाळीचा दाणा गोलसर असतो. लाखोळीचा दाणा चपटा, कोनाचा, कुऱ्हाडीच्या पात्यासारखा असतो. डाळ ताटात पसरा आणि निरखून पाहा. पीठ मात्र पाहून ओळखता येत नाही आणि धुताही येत नाही. म्हणून चण्याची डाळ निवडून बेसन आपणच दळून आणावे.

घरी लाखोळी करायचीच असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. हे विष पाण्यात उतरते. डाळ रात्रभर भिजवा आणि ते पाणी फेका. मग मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घालून उकळा. तेही पाणी गाळून फेका. नंतर नवे पाणी घालून डाळ शिजवा. कुकरात पाणी बेताचे असते आणि ते डाळीतच राहते. म्हणून लाखोळीला उघडे पातेले बरे. वड्यांसाठी डाळ वाटायची असेल तर भिजवलेले पाणी दोन-तीनदा बदलावे. एवढे करूनही सगळे विष जात नाही, पण बरेच जाते.

आणि सर्वांत मोठी गोष्ट ही की एकाच धान्यावर राहू नये. आज तूर, उद्या मूग, परवा बरबटी. सोबत भाकर किंवा भात, हिरवी भाजी, वरून सांबार आणि लिंबू. लाखोळी कधीमधी असावी, रोज नसावी.

हे ऐकून त्या बाई म्हणाल्या, "म्हंजे गुरुजी, आजवर आमी भिजवलेलं पाणी वाटणातच घालत होतो!"

आम्ही म्हणालो, "आजपासून ते मोरीत ओता."

सांगा पाहू :
1. लाखोळीचा दाणा तुरीहून वेगळा कसा ओळखाल?
2. लाखोळी कुकरात का शिजवू नये?
3. तुमच्या घरी गेल्या आठवड्यात कोणकोणत्या डाळी झाल्या? त्यांची नावे पाटीवर लिहा.