मोहऱ्यांची पेटी

पालकहो, मे महिन्याच्या सुट्टीसाठी तुमच्याकडे एक मागणं आहे. एप्रिलची खरड छाटणी उरकली तरी आपल्या दिंडोरीत बागेची कामं थांबत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरीही संध्याकाळचा एखादा तास काढा आणि मुलांबरोबर बुद्धिबळाच्या मोहऱ्यांसाठी सागवानी पेटी करा.

नाशिकचा विदित गुजराथी २०१३ मध्ये ग्रँडमास्टर झाला. २०२४ मध्ये बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघातही तो होता. त्यामुळे ‘पोराला क्लास लावू का?’ असं पालक हमखास विचारतात. जरूर लावा. पण आधी घरातला पट बघा. मोहरे पिशवीत कोंबलेले, घोड्याचा कान तुटलेला, एका प्याद्याच्या जागी बाटलीचं झाकण! अशा पटावर मूल टिकेल कसं? मोबाईलमधलं प्यादं कधी हरवत नाही, मग मूल तिकडेच वळतं.

लाकूड विकत आणू नका. जुनं घर उतरवलेल्या एखाद्या ओळखीच्याकडे चौकटी, फळ्यांचे तुकडे पडलेले असतात. वर्षानुवर्षं वाळलेलं ते सागवान सहसा वाकत नाही. आत मोडका खिळा असू शकतो, म्हणून रंधा मारण्याआधी लोहचुंबक फिरवा.

माप मुलालाच घेऊ द्या. स्पर्धेतला राजा साधारण साडेनऊ सेंटिमीटर उंच असतो, तुमचा वेगळा असेल. वर्तमानपत्रावर एका रंगाचे १६ मोहरे आडवे मांडायचे, प्रत्येकाभोवती पेन्सिल फिरवायची, मध्ये बोटापुरती जागा सोडायची. लांबी-रुंदी त्यातूनच निघते. दुसऱ्या रंगाला तेवढाच कप्पा. प्रत्येक मोहऱ्याला स्वतःचा खण असेल, तर डाव संपल्यावर रिकामा खण लगेच दिसतो आणि पलंगाखाली गेलेलं प्यादं त्याच रात्री सापडतं.

सागाला अंगचं तेल असतं. म्हणून जोडायच्या कडांवर आधी रंधा फिरवा आणि लगेच फेविकॉल लावा. तो सुकण्याआधी दोन्ही कर्ण मोजायला सांगा. आयताचे कर्ण समान असतात, हे मुलानं शाळेत पाठ केलेलं असतं. इथे एक कर्ण दोन मिलिमीटर जास्त भरला की ते स्वतःच कोपरा दाबून पेटी सरळ करतं.

करवत आणि पटाशी चालवताना शेजारी बसा. दहा वर्षांखालच्यांना मापं, पॉलिश पेपर आणि शेवटी जवसाचं तेल चोळणं पुरे. मात्र तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, तो आपोआप पेट घेऊ शकतो. त्या उघड्यावर पसरून वाळवा.

सांध्यात फट राहील. मूल झोपल्यावर ती गुपचूप भरायचा मोह होईल. कृपा करून भरू नका. सकाळी त्याला ते कळतं, आणि पेटी त्याची राहत नाही.

बिजागरीपेक्षा खाचेत सरकणारं झाकण बरं. खाच गावातल्या सुतारकाकांकडून मशीनवर पाडून घ्या. झाकणाच्या रुंदीत दोनेक मिलिमीटर मोकळे सोडा, कारण मेमध्ये नेमकं बसलेलं झाकण आषाढात फुगतं. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं. तरीही अडलंच, तर पावसाळ्यात तासू नका. दिवाळीच्या कोरड्या हवेत ते बहुधा सैल होईल. नाहीच झालं, तर रंधा मुलाच्या हातात द्या.