वाहत्या पाण्याची गती कशी मोजावी?

स्वच्छ पाण्यातून तळ दिसतो. परंतु ते पाणी आत कसे वाहते, हे डोळ्यांस दिसत नाही. ते पाहावयाचे तर पाण्यात काही टाकावे आणि ते कोठे, किती वेळात जाते ते पाहावे. प्रवाहमापनाचे मूळ तत्त्व हेच होय.

प्रथम सोपा प्रयोग घेऊ. शेताच्या पाटाचा सरळ भाग निवडून काठावर 10 मीटर अंतराने दोन खुंट्या ठोकाव्या. पहिल्या खुंटीच्या थोडे वर लाकडाचा तुकडा सोडावा. एका खुंटीपासून दुसरीपर्यंत त्यास 20 सेकंद लागले, तर वेग सेकंदास अर्धा मीटर झाला. परंतु तळाशी व काठाशी पाणी मंद वाहते, म्हणून पृष्ठभागावरील वेगास साधारणतः 0.85 ने गुणतात. सरासरी वेग 0.425 मीटर आला. पाट 2 मीटर रुंद आणि सर्वत्र अर्धा मीटर खोल असेल, तर सेकंदास 425 लिटर पाणी जाते.

एका तुकड्याने मात्र भोवरे उमगत नाहीत. 1904 साली लुडविग प्रांट्ल या जर्मन शास्त्रज्ञाने हाताने फिरवावयाच्या चाकाने एका लहान टाकीत पाणी वाहते केले व त्यात चमकणारे बारीक कण सोडले. अडथळ्यापाशी प्रवाह त्याची कड सोडून मागे भोवरे कसे करतो, हे त्या कणांनी दाखविले.

आता पातळ पडद्यासारखा लेसरचा प्रकाश पाण्यात सोडून कणांची लागोपाठ दोन छायाचित्रे घेतात. दोहोंत सेकंदाच्या हजाराव्या भागाचे अंतर असून कण अर्धा मिलिमीटर सरकला असेल, तर वेग पुन्हा सेकंदास अर्धा मीटरच! अंतर भागिले वेळ, हे गणित बदललेले नाही. संगणक ते चित्रातील शेकडो ठिकाणी करतो, इतकेच.

कण मात्र पारखून घ्यावे लागतात. जड कण बुडतो, हलका तरंगतो, मोठा वळणावर प्रवाहाची साथ सोडतो. म्हणून पाण्याइतक्याच घनतेचे, केसाहून बारीक असे काचेचे पोकळ गोल वापरतात.

हा खटाटोप कशासाठी? हृदयात बसवावयाच्या कृत्रिम झडपेची परीक्षा प्रयोगशाळेत अशीच होते. रक्त जेथे साचून राहील तेथे गुठळी होण्याचे भय. जेथे त्यास फार ताण बसेल तेथे रक्तपेशी फुटण्याचे. हे दोष रोग्याच्या छातीत उमगण्यापूर्वी काचपात्रात उमगलेले बरे.

पाटावरील प्रयोग मुलांनी वडील माणसांसमवेत अवश्य करावा. पुराच्या पाण्याजवळ मात्र कदापि जाऊ नये.