परसातील कोंबड्यांसाठी आंबवलेले खाद्य

चंद्रपूर आणि १९८२ मध्ये त्यातून वेगळा झालेला गडचिरोली हे धानाचे जिल्हे. भरडाईनंतर उरणारी कणी व कोंडा येथे कोंबड्यांपुढे बहुधा कोरडाच टाकला जातो. कोंड्यातील बरेचसे स्फुरद फायटेटच्या रूपात बद्ध असल्याने पक्ष्यांना ते पुरेसे पचत नाही. आंबवण्याच्या क्रियेत हे बंध सैल होतात. गुरांच्या आंबोणाची सवय असलेल्या घराला ही रीत परकी वाटू नये.

मातीच्या भांड्यात कणी-कोंडा घेऊन वर दोन बोटे पाणी ठेवावे, सैल झाकावे व दिवसातून दोनदा ढवळावे. जस्ती डबा टाळावा, कारण आम्लाने जस्त उतरते. हिवाळ्यात सुमारे तीन दिवस लागतात, वैशाखात त्याहून पुष्कळ कमी. वास ताकासारखा आंबट असावा. थोडे जुने पाणी पुढील खेपेस विरजणासारखे वापरता येते.

बुरशी धरलेली कणी मात्र आंबवून शुद्ध होत नाही. तीतील अफलाटॉक्सिन हे विष उरू शकते व पिले दगावतात. ग्रामपंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी हे आवर्जून सांगावे. एरवी मरतुकीचा दोष नव्या रीतीवरच येतो. मानमोडीची लसही या खाद्याने टळत नाही. ती पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्याने वेळेवर द्यावीच लागते.