गोळी घेताना फोन आला तर?



गेल्या उन्हाळ्यात मी नेदरलँड्समध्ये, आम्स्टेलवेनला मुलाकडे होते. सकाळचे आठ वाजले होते. मुलगा-सून कामाला गेली होती. मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी न्याहारीबरोबर घ्यायची, म्हणून पाण्याचा पेला भरला आणि फोन वाजला. ठाण्याहून बहीण बोलत होती. तिकडे साडेअकरा झालेले, तिची कामे आटोपलेली. अर्धा तास गप्पा झाल्या. फोन ठेवला तर पेला रिकामा! गोळी घेतली होती की नुसते पाणी प्यायले, काही केल्या आठवेना. ‘राहिलीच असेल’ म्हणून घेतली आणि न्याहारी अर्धीच खाल्ली.

दहाच्या सुमारास घाम सुटला, हात थरथरू लागले, छाती धडधडू लागली. साखर उतरली हे ओळखून चार चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायले आणि मुलाला बोलावले. पंधरा मिनिटांनी रक्तातली साखर तपासली, मग पोटभर खाल्ले. या गोळीचा परिणाम बराच वेळ राहतो, साखर पुन्हा उतरू शकते. म्हणून डॉक्टरांनाही लगेच विचारले. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काही घालू नये, तातडीने मदत बोलवावी.

मला वाटले, आता वय झाले. पण दोष केवळ वयाचा नसतो. रोज त्याच वेळी, त्याच जागी केलेल्या कामाची वेगळी आठवण राहत नाही. कालची गोळी आणि आजची गोळी मनात एकच होऊन जाते. त्यात मध्येच व्यत्यय आला की धागा तुटतो.

शेजारी ऐंशी ओलांडलेल्या एक डच बाई एकट्या राहतात. त्यांच्याकडे औषधांच्या दुकानातून गोळ्यांचा रोल येतो. एकेका वेळेच्या गोळ्या एकेका छोट्या पाकिटात, वर नाव, तारीख आणि वेळ छापलेली. सकाळचे पाकीट रोललाच असेल तर गोळी राहिली. नसेल तर घेतली. आठवायचे कामच नाही.

आपल्याकडे सात दिवसांचे खणांचे डबे मिळतात. रविवारी कोणाच्या तरी मदतीने भरून ठेवावा. डबा नसेल तर गोळी गिळताच कॅलेंडरवर खूण करावी, आधी नव्हे. तरीही शंका राहिलीच, तर आपल्या मनाने दुसरी गोळी घेऊ नये, डॉक्टरांना विचारावे. बहिणीला मी सांगून टाकले, ‘फोन माझी न्याहारी झाल्यावर कर.’ तिला राग आला नाही.

चुलीपाशी असताना बेल वाजली तर आधी गॅस बंद करावा, मग दाराकडे जावे. तेही धावत नको. पडून हाड मोडण्यापेक्षा पाहुणा मिनिटभर थांबलेला बरा.

अमिदा म्हणायला उभे राहिलो की आपण मध्ये कोणाशी बोलत नाही. राजाने कुशल विचारले तरी उत्तर देऊ नये, असे मिश्नेत सांगितले आहे. प्रार्थनेला आपण तेवढी मिनिटे देतो. गोळीला तर अर्धेच मिनिट लागते. तेवढा वेळ फोन वाजू द्यावा.